‘तुंबलेलं गटार’चा शेवटचा कार्यक्रम

गेनर ऑल्ड्रॉइडचा डावा गुडघा कधीच स्वस्थ नसायचा. वर्गात, बसमध्ये, जेवणाच्या टेबलाखाली, तो आपला नाचतच असायचा. “शिवणयंत्र गिळलंयस का गं?” आई विचारायची. आईला शिवणयंत्रांचं बरंच कळायचं, कारण क्रेकलीतल्या निम्म्या बायकांसारखी तीही शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. उरलेल्या निम्म्या बायका तिथे बाह्या शिवायच्या. आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या त्या कोपऱ्यातले बहुतेक पुरुष खाणीत कोळसा काढायचे.

त्या शनिवारी संध्याकाळी मात्र गेनरचे दोन्ही गुडघे नाचत होते. खाणकामगारांच्या क्लबात, स्टेजमागच्या खोलीत, ती बियरच्या रिकाम्या पेटीवर बसली होती. गळ्यात बास गिटार, डोळ्यांभोवती काजळाची दोन काळी तळी, आणि अंगात फाडून मग सेफ्टी पिनांनी जोडलेला शाळेचा शर्ट. खिशात जणू तिचं स्वतःचं गाणं होतं. कागद नव्हता हं, गाणं पाठच होतं, पण हात सारखा खिशाकडे जात होता.

“आज तरी म्हणू दे ना,” ती नायजेलला म्हणाली. “एकच. शेवटी.”

“ते संडासाचं?” नायजेल आरशात बघून केसांना साबण चोळत होता. तसे केस उभे राहतात. “गेनर, आपण व्यवस्था उलथवायला निघालोय. आणि तू गातेस तुझ्या आईच्या कारखान्यातल्या बायकांच्या कुरबुरी.”

“उलथवायला कुठूनतरी सुरुवात नको का?”

“खरूज,” तो शांतपणे म्हणाला, “गाणी मी म्हणतो.”

खरूज हे गेनरचं बँडमधलं नाव. नायजेलचं नाव सडका. ड्रमवाल्या कीथला नाव देऊन झालं होतं, पण तो ते विसरला आणि मग बाकीचेही विसरले. बँडचं नाव ‘तुंबलेलं गटार’. उन्हाळ्याच्या सुट्टीत कीथच्या बाबांच्या कबुतरखान्यात तो सुरू झाला तेव्हा गेनरला वाटलं होतं, झालं, आता आपलं ऐकतील लोक. सोळा वर्षं तिला सगळे “हळू बोल” म्हणत आले होते. मोठ्याने बोलायचा धंदाच असतो हे कळल्यावर ती त्या रात्री झोपलीच नव्हती. पण गेले चार महिने ती नायजेलच्या मागे उभी राहून तीन सूर वाजवत होती. तिला बँड हवा होता. अगदी हवा होता. पण तो कसा टिकवायचा, हे तिला कळत नव्हतं.

कारण नायजेलचे नियम. सराव करायचा नाही, सराव म्हणजे शाळा. सूर जुळवायचे नाहीत. गिटारची जादा तार जवळ ठेवायची नाही, कारण जादा तार म्हणजे विमा, आणि विमा त्याचे बाबा विकायचे. नायजेलच्या घरी केळंसुद्धा काट्याने खायचे, हे कीथने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि सगळ्यात मोठा नियम, लोक थुंकले पाहिजेत. पंक बँड आवडला की समोरची पोरं त्याच्यावर थुंकतात, ही रीतच होती. डॉनकास्टरला एकदा थुंकली होती. नायजेलने ते जाकीट आजवर धुतलं नव्हतं. गेनरने घरी जाऊन तीनदा केस धुतले, पण ते कुणाला सांगितलं नाही.

“पण इथे कोण थुंकणार?” कीथ बिस्किट चावत म्हणाला. “माझी आजी बसलीय बाहेर.”

“म्हणूनच इथे आलोय,” नायजेल म्हणाला. “इथली माणसं आपल्याला मध्यंतरात हाकलणार. मग पेपरात येणार. क्लबातून हाकललेला बँड म्हटलं की लीड्सचे पंकवाले आपल्याला बोलावतील. नाही हाकललं तर मी बँड मोडतो. कुणालाही न खुपणारा बँड चालवण्यात मला रस नाही.”

गेनरचे गुडघे थांबले. एक क्षण. मग दुप्पट जोरात सुरू झाले.

हाकलायचं काम स्टॅनमामाचं. तो गेनरच्या आईचा, बेरिलचा, भाऊ आणि क्लबातल्या कार्यक्रमांचा सेक्रेटरी. कलाकार पसंत पडला नाही तर मध्यंतरात खोलीत येऊन तो म्हणायचा, “बाळांनो, सामान भरा.” जादूगार, गायक, कुत्रा नाचवणारी बाई, सगळ्यांना त्याने असं घरी धाडलं होतं. आजचा विनोदवीर आजारी पडला म्हणून त्याने भाचीला बोलावलं होतं. कसलं वाजवता, हे विचारायला तो विसरला होता.

“मंडळी, जरा गप्प बसा,” बाहेर माईकवर त्याचा आवाज आला. “पॅटिस आलेत, मटणाचे, काउंटरवर. दोन नंबर टेबलावरच्यांनी खुर्च्या मागे घ्या, दार अडतंय. आणि आता आपल्या बेरिलची गेनर आणि तिचे मित्र. त्यांना संधी द्या. मग बिंगो.”

नायजेल स्टेजवर गेला आणि सरळ किंचाळायलाच लागला. सरकार जळू दे, बँका जळू दे, झोपलेले सगळे जळू दे. गेनर वाजवत होती आणि खाली बघत होती. खाली माणसं पॅटिस खात होती. रागावलं कुणी नव्हतं. म्हणजे, ती बसस्टॉपवर बसची वाट बघतात ना, तशी गाणं संपायची वाट बघत होती. दुसऱ्या गाण्यानंतर थोड्या टाळ्यासुद्धा झाल्या. कीथच्या आजीने शेजारणीला विचारलं, “पोराला सर्दी झालीय का गं?”

नायजेलने ते ऐकलं. त्याने गिटारवर असा काही हात मारला की सगळ्यात जाड तार तुटून त्याच्या कानाला लागली.

“जादा तार लाव,” स्टॅनमामा स्टेजखालून म्हणाला.

“आम्ही ठेवत नाही.”

“ठेवत नाही? का?”

नायजेलला ते बिंगोच्या आधी समजावून सांगता आलं नसतं. मामाने त्याला समोरच्या घरी पिटाळलं. तिथले गृहस्थ लग्नांत गिटार वाजवायचे. नायजेल कान धरून गेला, आणि स्टेज एकदम मोठं झालं.

सगळा हॉल गेनरकडे बघत होता. आईपण, तिसऱ्या टेबलावर, कारखान्यातल्या बायकांच्या मधोमध.

“करू काय मी नुसता बसून?” कीथने हळूच विचारलं.

गेनर माईककडे गेली. तिने तो हनुवटीपर्यंत खाली ओढला. “हे थ्रॉपबाईंवर आहे,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या टेबलावर कुणाचातरी काटा बशीत पडला.

मिस थ्रॉप कारखान्याच्या मुकादमबाई. कुणी संडासात गेलं की त्या घड्याळ घेऊन बाहेर उभ्या राहायच्या आणि वेळ झाली की दार ठोठावायच्या. हे घरोघरी माहीत होतं. पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं, माईकवर तर नाहीच.

गेनरने बास बडवायला सुरुवात केली. कीथला गाणं माहीत नव्हतं, पण दार ठोठावणं कसं असतं ते माहीत होतं.

“थ्रॉपबाई, थ्रॉपबाई,
बाहेर कसली घाई?
तुमचं घड्याळ पुढे पळतं,
माझं पोट ऐकत नाही.”

आधी आईने हात तोंडावर ठेवला, आणि हाताच्या मागून हसू फुटलं. दुसऱ्या वेळेस “बाहेर कसली घाई” तिसऱ्या टेबलाने म्हटलं. तिसऱ्या वेळेस सगळ्या बायकांनी. टेबलं ठोकली जात होती, ग्लास उड्या मारत होते, पुरुष एकमेकांना विचारत होते, काय, खरंच घड्याळ घेऊन? आणि बायका ओरडत होत्या, मग काय, तुम्हाला सांगून कधी ऐकलंत?

नायजेल नवी तार घेऊन परत आला तेव्हा त्याचा बँड त्याच्याविना गात होता आणि हॉल उभा होता. तो सरळ स्टेजवर चढला आणि त्याने स्पीकरची वायर उपटली.

“आवडलंय त्यांना,” खोलीत गेल्यावर तो म्हणाला. दुःखाने म्हणाला, खरंच. “आज्या नाचत होत्या, गेनर.”

“एवढं वाईट आहे का ते?”

“कुणी थुंकलं नाही.”

“माझ्यावर कुणी थुंकलेलं मला नकोच आहे,” गेनर म्हणाली. चार महिने ते तिच्या पोटात होतं, आता भसकन बाहेर पडलं. “आणि तुला बँक जाळायची असेल तर जाळ. मला थ्रॉपबाईंचं घड्याळ बंद करायचंय.”

नायजेलने गिटार पाठीला अडकवली. स्पीकर त्याचा होता. त्याने तो उचलला, बाबांच्या गाडीत ठेवला आणि सीटबेल्ट लावून निघून गेला. असा ‘तुंबलेलं गटार’ संपला. बाहेर बिंगोचे आकडे पुकारले जात होते आणि बिंगो चालू असताना क्लबात कुणी शिंकतही नाही, म्हणून गेनरला रडतासुद्धा येईना.

स्टॅनमामा आत आला. “बाळांनो,” त्याने सुरुवात केली, आणि गेनर बासची वायर गुंडाळायला लागली. “बिंगोनंतर गाण्याची दुसरी फेरी असते, माहितीय ना? ऑर्गनच्या स्पीकरला जोडा तुमचं ते. तिसरं टेबल मला सोडणार नाही.”

“मामा, आमचं एकच गाणं आहे.”

“मग तेच म्हणा.”

त्याच्या मागून आई आली. सोबत बाह्या शिवणाऱ्या दोघी.

“कँटीनच्या चहाचं कडवं घाल,” एक म्हणाली.

“आणि सुई बोटात गेली तर पट्टीचे पैसे कापतात, त्याचं,” दुसरी म्हणाली. “सोमवारी मीच म्हणणार आहे त्या थ्रॉपच्या तोंडावर. बाहेर कसली घाई.”

आईने पर्समधून रुमाल काढला, त्याच्या टोकावर थुंकली आणि गेनरची हनुवटी धरून गालावर ओघळलेलं काजळ खसाखसा पुसायला लागली.

“आई, ई, थुंकी.”

“गप. सगळे बघणारेत तुझ्याकडे.” तिने दुसरा गाल वळवून घेतला. “आणि जरा मोठ्याने म्हण. मागच्या टेबलापर्यंत पोचत नव्हतं.”

बाहेर कुणीतरी बिंगो जिंकलं. कीथने बिस्किटाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि काठ्या उचलल्या.

“नाव काय सांगू?” मामाने दारातून विचारलं.

“काहीही सांग,” गेनर म्हणाली. ती आधीच स्टेजच्या पायऱ्यांवर होती.