पेटीचा चरचराट

चातुर्मासात कौशल्याबाईंचा नेम असा की तुळशीला पाणी घालून पोथीचा अध्याय पुरा होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. नेम देवाचा, पण कसोटी पाहायचा नवरा.

यादोरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान लाखनीच्या हमरस्त्यावर, मागच्या दोन खोल्यांत घर. घरोघरी ट्रान्झिस्टर आले तसे लोक जुने रेडिओ टाकून द्यायला लागले. त्यांतले व्हॉल्व जमवून यादोरावांनी मेहुण्यासाठी, श्रावणसाठी, गिटारची पेटी बांधली. खाली अ‍ॅम्प्लिफायर, वर नागपूरहून आणलेला नवाकोरा स्पीकर. नवरात्रात ती मधासारखी वाजली आणि दसऱ्यापासून जी बिघडली ती बिघडलीच. तार जरा जोरात छेडली की सुराच्या अंगावर चरचर उठायची, तापल्या कढईत जवस तडतडावा तशी.

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते; आसगावच्या मंडईतलं नाटक हे श्रावणचं पहिलंच. संगीताचा कारभार धनीरामकडे. तो ऐकून गेला आणि म्हणाला, "लोकं म्हणतीन, पडद्यामागं भजे तळून राहिले का! मंगळवारी सकाळी येतो. नाही सुधरलं तर भैय्यालालचा बँजो घेतो, मग मले बोल नको लावू."

तेव्हापासून श्रावण जेवायला बसे आणि नुसता भात चिवडून उठे. आईविना वाढलेला भाऊ; कौशल्याबाईंच्याही घशाखाली घास उतरेना.

यादोरावांनी व्हॉल्व बदलले, या जागचा त्या जागी केला. एक कंडेन्सर जोडला तर चरचर दबली, पण गिटार गोधडीत तोंड खुपसून बोलू लागली. काढला, की पुन्हा जवस. देवघरात डाग देण्याचा धूर, हळदीच्या वाटीत स्क्रू, वातींचा कापूस पेटीत कोंबलेला.

"अजी, स्पीकर तर पाहा एकदा," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या.

"नवा आहे तो. त्याले काय होते? तू आपली पोथी वाच."

तरी यादोरावांनी एकदा स्पीकरच्या जागी देवळावरचा पोंगा, म्हणजे कर्णा, जोडून पाहिला. पण पोंग्यातून आरतीसुद्धा भांडणासारखी ऐकू येते, त्यावरून काय कपाळ कळणार!

मंगळवार उजाडला. कौशल्याबाई पोथीपुढे बसल्या. अध्याय निम्म्यावर आला तेव्हा दुकानात धनीरामचा आवाज आला. मग गिटारचा, आणि त्यावर तीच चरचर. कंटाळून त्यांची नजर पूजेच्या ताटात गेली. कालची ओली हळद वाटीत सुकली होती, तिच्यात अक्षता रुतल्या होत्या. बोटानं दाबलं तर पापुद्रा कडकडला, दाणे वाटीत खडखडले.

बोट तिथंच थांबलं.

दसऱ्याची सकाळ. हत्यारांची पूजा. पेटीला कापड लावायचं राहिलं होतं, स्पीकरचा थरथरणारा कागदी पडदा उघडाच. "हाच तर बोलते, यालेच टिळा लावतो," म्हणत यादोरावांनी हळदकुंकवाचं बोट थेट कागदावर ओढलं, वर अक्षता. कौशल्याबाईंचा अध्याय चालू होता. त्यांनी दोन्ही हात हलवले, नको, नको. यादोरावांना वाटलं, कमी पडल्या. त्यांनी आणखी मूठभर टाकल्या आणि वरून कापड ठोकून मोकळे झाले. मग सोनं द्यायला पाहुणे आले आणि ती गोष्ट कौशल्याबाईंच्याही मनातून गेली.

"राहू दे, श्रावण," बाहेर धनीराम म्हणत होता. "भैय्यालालले निरोप धाडतो."

कौशल्याबाईंनी उघड्या पोथीवर फूल ठेवलं. अर्ध्या अध्यायावरून त्या आजवर कधी उठल्या नव्हत्या. दुकानात आल्या, पक्कड उचलली आणि पेटीचं कापड टरकन ओढलं.

"अवं, येडी झाली का? नवं कापड होय ते!"

कौशल्याबाईंनी आत बोट दाखवलं. स्पीकरच्या कागदावर हळदीचा सुकलेला पापुद्रा, कडेला दाण्यांचा ढीग. त्यांनी पेटी पालथी कलवली, मऊ कुंचल्यानं हळूहळू झाडलं. अक्षता जमिनीवर सांडल्या.

यादोराव बघत राहिले. "मी तर बरकतीसाठी..." एवढंच पुटपुटले.

श्रावणनं तार छेडली. सूर भरलेला, स्वच्छ आला. त्यानं आणखी जोरात छेडली. तसाच.

"हं! आता कशी बोलली!" धनीराम खूश झाला. "पण यादोभाऊ, आवाज पार पलीकडच्या कोंढा गावापर्यंत गेला पाहिजे. नाही तर मंडई झाली म्हणून कोन मानते?" आणि त्यानं आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं. चर्रर्र!

श्रावणचा चेहरा उतरला. कौशल्याबाईंनी दोन्ही हात हलवले.

"वहिनी काय म्हणून राहिल्या?"

"नको म्हणते," यादोराव म्हणाले. त्यांनी स्वतःच बटण मागं फिरवलं. "व्हॉल्वची ताकद एवढीच, त्याहून पिळलं तर ते आरडते. नाटक आसगावचं आहे ना? मग आसगावले ऐकू आलं तर पुरे."

श्रावणनं पुन्हा छेडलं. धनीराम डोळे मिटून ऐकत राहिला. "बरं बाबा. भैय्यालाल राहू दे."

कौशल्याबाई पोथीपाशी परतल्या. मध्येच उठल्यामुळे अध्याय पहिल्या ओवीपासून वाचणं आलं. दसऱ्याला सांगायचं राहिलेलं बोलणं जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. त्यांनी ते गिळलं, फूल उचललं आणि पान मागं उलटलं.