सामना सुरू झाला की जिलानी बाहेर

अम जिलानींना, म्हणजे आमच्या जिलानीकाकांना, फुटबॉल जिवापाड आवडायचा, म्हणून आम्ही त्यांना सव्वीस वर्षं राष्ट्रीय संघाचा एकही सामना पाहू दिला नाही. गावातल्या पोरांचे सामने त्यांनी खुशाल पाहावेत, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरायला ती पोरं स्वतःच समर्थ होती.

हे सुरू झालं अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये. ट्युनिशिया पहिल्यांदाच विश्वचषकात गेलेला, तिकडे अर्जेंटिनात, आणि समोर मेक्सिको. आमच्या महदियात बंदरालगत फरजानीचा कॅफे आहे. तिथे काळापांढरा टीव्ही होता आणि त्याच्यापुढे अख्खी वस्ती. माझी शालान्त परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे अर्थातच मीही होतो.

मध्यंतराच्या उंबरठ्यावर पंचांनी मेक्सिकोला पेनल्टी दिली आणि एक-शून्य झालं. अम जिलानी उठले. ते रेशमाचे विणकर, लग्न होऊन चार महिने झालेले. घरातला गॅस संपला होता, म्हणून बायकोने, मन्नूबियाने, त्यांना सिलिंडर आणायला पाठवलं होतं. तो भरलेला सिलिंडर पाऊण तास कॅफेच्या दारात असा उभा होता, की जणू त्यालाही सामना बघायचाय.

"कुठे निघालास?" फरजानीने विचारलं.

"घरी. ती उपाशी बसली असेल."

"इथे देश बुडतोय आणि तुला रश्श्याची पडलीय!"

"देश मला जेवायला थांबत नाही. ती थांबते."

सिलिंडर खांद्यावर टाकून ते गेले. उत्तरार्धात आम्ही तीन गोल केले. विश्वचषकात सामना जिंकणारा आफ्रिकेतला पहिला देश आम्ही झालो. माणसं टेबलांवर चढून नाचली, एक टेबल मोडलं, आणि त्या गदारोळात हमीदा न्हावी खुर्चीवर उभा राहून ओरडला, "जिलानी गेला आणि गोल आले!"

एका सामन्यावरून आम्ही निष्कर्ष काढला नाही, आम्ही सुशिक्षित लोक आहोत. चार दिवसांनी पोलंडशी सामना होता. त्याला जिलानींना बसू दिलं. एक-शून्य हरलो. आणखी चार दिवसांनी पश्चिम जर्मनी, तेव्हाचे जगज्जेते. या खेपेला जिलानींना बाहेर काढलं आणि हमीदाच्या आग्रहाखातर सिलिंडरही खांद्यावर दिला. शून्य-शून्य. जगज्जेत्यांना आमच्यावर एकही गोल करता आला नाही. मी पुढे विद्यापीठात भूगोल शिकलो, जोडीला थोडं संख्याशास्त्रही. इतका स्वच्छ पुरावा मला पुन्हा कुठे भेटला नाही.

मग तो रिवाजच झाला. खेळाडू राष्ट्रगीताला उभे राहिले की फरजानी मान वळवून म्हणायचा, "जिलानी, चल बाबा, ऊठ." आणि जिलानी चहाचा शेवटचा घोट घेऊन उठायचे. सिलिंडरचा नियम दोन वर्षांनी माफ झाला, कारण त्यांची कंबर धरली. ते बाहेर जाऊनही आम्ही हरायचो, आणि बऱ्यापैकी हरायचो. पण त्याचं कारण दर वेळी सापडायचं. चौऱ्याण्णव साली आफ्रिका कप आमच्याच देशात होता आणि पहिल्याच सामन्यात मालीने आम्हाला दोन-शून्य लोळवलं. चौकशीअंती कळलं, की जिलानी त्या दिवशी घरी न जाता जेमतेम हमीदाच्या दुकानापर्यंत गेले होते. शहाण्णवला दक्षिण आफ्रिकेत अंतिम सामना हरलो, तेव्हा अंतर कमी पडलं असं ठरलं. सामना इतक्या लांब असताना माणसाला निदान पुढच्या गावी तरी धाडायला हवं होतं. थोडक्यात, नियम कधी चुकला नाही. चुकले ते जिलानी.

ते घरी काय करायचे? खिडकी बंद, रेडिओ बंद. ते आणि मन्नूबिया समोरासमोर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचे. आम्ही जिंकलो की कॅफेतून कुणीतरी धावत जाऊन दार ठोठावायचं. दार तीच उघडायची आणि आधी विचारायची, "आपण किती घातले?" या 'आपण'मध्ये अकरा खेळाडू नव्हते. दोघंच होते.

"अम, तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा विचारलं होतं.

"राग कसला, वुलेदी?" मला ते असंच म्हणायचे, माझ्या मुला. "विणकराची बायको जन्मभर नवऱ्याची पाठ बघते. मागावर बसलो की माझं तोंड भिंतीकडे. सामना असला की तिच्याकडे. ती तर कॅलेंडर बघून विचारते, आता पुढचा कधी आहे म्हणून. कोण कुणाशी खेळतंय, ते विचारत नाही."

मूल त्यांना नव्हतं. दोन हजार तीनच्या सप्टेंबरात मन्नूबिया गेली. अख्खं गाव मातीला होतं. फरजानीने तीन दिवस कॅफेत पत्ते खेळू दिले नाहीत. त्याच्या लेखी याहून मोठा दुखवटा नाही.

जानेवारीत आफ्रिका कप पुन्हा आमच्या देशात आला. पहिला सामना रवांडाशी होता. राष्ट्रगीत सुरू झालं, फरजानीने सवयीने मान वळवली, "जिलानी, चल बाबा." जिलानी सवयीने उठले. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही. मी रोज चाळीस मुलांना सांगतो, की नकाशा बघताना आधी बघा, जागेवर काय उरलंय.

दोन-एक जिंकलो. मी सांगायला गेलो तर दाराला कुलूप होतं. शेजारणीने हनुवटीनेच समुद्राकडे दाखवलं.

आमचं कब्रस्तान भूशिराच्या टोकाला आहे. पांढऱ्या कबरी उतारावरून थेट लाटांपर्यंत गेलेल्या आणि दोन्ही बाजूंनी वारा. अम जिलानी मन्नूबियाच्या कबरीपाशी, कशाबिया या लोकरी झग्याची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, दगडावर बसले होते. मुठीत बिया होत्या. फोडलेल्या नव्हत्या.

"जिंकलो?"

"दोन-एक."

त्यांनी मान हलवली, कबरीकडे बघून आणखी एकदा हलवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "आज जरा उशीर केलास. इथे काही ऐकू येत नाही, वारा उलटा आहे."

"अम, अहो, घरात तरी बसायचं."

"घरात कुणासमोर बसू?"

मी हे कॅफेत कुणाला सांगितलं नाही. माझा धीर झाला नाही असं म्हणू या. खरं सांगायचं तर संघ छान खेळत होता. काँगोला तीन-शून्य. गिनीशी बरोबरी. सेनेगलला एक-शून्य. दर वेळी मी टोकाला जायचो, आकडा सांगायचो आणि त्यांना घरी सोडायचो. उपांत्य सामना नायजेरियाशी होता. जादा वेळ झाला, मग पेनल्ट्या झाल्या. आम्ही जिंकलो आणि मी पळत पोचलो, तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि बोटं मिटत नव्हती.

त्या दिवशी मात्र मी फरजानीला सगळं सांगितलं. तो ग्लास पुसत होता. तोच ग्लास तो बराच वेळ पुसत राहिला.

"पेनल्ट्यांच्या वेळीही?"

"पेनल्ट्यांच्या वेळीही."

"आणि तू हे तीन आठवडे पोटात ठेवलंस. मास्तर ना तू? गाढवा."

शनिवारी दुपारी मोरोक्कोशी अंतिम सामना. हा कप आम्ही आजवर कधीच जिंकलो नव्हतो. पासष्ट साली आपल्याच घरात घानाने हातातोंडाशी आलेला नेला, ते म्हातारे अजून काल घडल्यासारखं सांगतात. कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती, पण टीव्हीसमोर अगदी मधोमध एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर फरजानीचा हात होता.

"ही कुणाची?" हमीदाने विचारलं.

"जिलानीची."

सगळे एकदमच बोलायला लागले.

"फरजानी, डोकं ठिकाणावर आहे ना? आज? आजच?"

"उद्या सामना नाहीये, म्हणून आज."

"अरे, माणूस सोन्याचा आहे, मी कुठे नाही म्हणतो? दाढीचे पैसेसुद्धा मी त्याच्याकडून घेत नाही. पण पांढऱ्या पायाचा आहे त्याला मी काय करू? दोन वर्षांनी बसव हवं तर. मांडीवर बसव!"

"हमीदा, तुला बाहेर जायचंय?"

हमीदा बसला. बाहेर जाण्याची कल्पनाच त्याला सहन होण्यासारखी नव्हती. ती दुसऱ्याने सव्वीस वर्षं सहन केली होती, ते वेगळं.

अम जिलानी नेहमीसारखे राष्ट्रगीताआधीचा चहा घ्यायला आले. फरजानीने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. राष्ट्रगीत झालं. ते सवयीने अर्धे उठले. फरजानीने खांदा दाबून पुन्हा बसवलं.

पाचव्या मिनिटाला आम्ही गोल केला.

जे झालं त्याचं वर्णन मी करत नाही. हमीदाने अम जिलानींच्या टकलाचा मुका घेतला, एवढंच सांगतो. "मी म्हणत होतो!" असंही तो म्हणाला. अम जिलानी मात्र नाचत नव्हते. खुर्चीच्या कडेला बसून ते टीव्हीकडे बघत होते, लहान मूल जत्रेत बघतं तसे. रंगीत पडद्यावर आपला संघ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. "गवत किती हिरवं आहे," ते मला म्हणाले.

अडतिसाव्या मिनिटाला मोरोक्कोने बरोबरी केली.

त्यांच्याकडे कुणीही बघितलं नाही. पन्नास-साठ माणसं जीव खाऊन कुठेतरी दुसरीकडे बघत होती, पंख्याकडे, चपलांकडे, आणि ते न बघणं साऱ्या कॅफेला दिसत होतं.

मध्यंतर झालं. अम जिलानी उठले आणि कशाबिया अंगावर घेतला.

"बस खाली," फरजानी म्हणाला. "कुणी काही म्हटलंय का तुला?"

"नाही रे. सगळी चांगली पोरं आहेत."

"मग बस ना! हरलो तर हरलो. मी सगळ्यांना बघून घेईन."

"हरण्याचं नाही, फरजानी." त्यांनी आवाज खाली आणला, पण कॅफे इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "मी इथे बसलो आणि आपण जिंकलो, तर?"

"तर काय? बरंच की!"

"मग ती पंचवीस वर्षं काय करत होती? दार-खिडक्या लावून बसायची माझ्यासमोर. सगळ्या बायकांना सांगायची, त्या मेक्सिकोवरचे तीन गोल आमच्या घरातून गेले म्हणून. आता मी इथे चहा पीत कप जिंकला, तर तिचं ते सगळं..." त्यांनी हात हवेत हलवला. "तिला आता खोटं कसं पाडू रे?"

अम जिलानी सगळ्यांना सलाम करून निघाले. जाताना सवयीने हमीदाला म्हणाले, "जिंकलो की कुणाला तरी पाठवा."

पडद्यावर खेळाडू परत मैदानात येत होते. फरजानीने एप्रन काढला. काढतानासुद्धा त्याची नजर टीव्हीवर होती. गेल्या तीस वर्षांत त्याने राष्ट्रीय संघाचं एक मिनिटही चुकवलं नव्हतं. मुलीच्या बारशाच्या दिवशी पाहुण्यांना तासभर दारात उभं केलं होतं त्याने. त्याने किटलीतून दोन ग्लास चहा ओतला, ते बशांनी झाकले, टीव्हीचा रिमोट हमीदाच्या हातात दिला आणि म्हणाला, "आवाज कमी केलास तर याद राख." मग पडद्याकडे पाठ करून तो बाहेर पडला.

मी गेलो नाही. मी हे प्रामाणिकपणे सांगतो. मी खिडकीतून त्याला बघितलं. दोन ग्लास सांभाळत, वाऱ्याला खांदा देत तो अम जिलानींच्या मागून भरभर चालला होता आणि "थांब रे, थांब की!" असं ओरडत होता. मग खेळ सुरू झाला आणि मी वळलो.

बावन्नाव्या मिनिटाला आमचा दुसरा गोल झाला. पुढची चाळीस मिनिटं आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत. शिट्टी वाजली तेव्हा हमीदा रडत होता, आणि कॅफेतली एकूण एक मोडण्यासारखी वस्तू मोडायला सुरुवात झाली होती. मालक जागेवर नव्हता.

मी टोकाकडे धावलो. सगळं गाव भोंगे वाजवत उलट्या दिशेने बंदराकडे निघालं होतं. कब्रस्तानात दोघं दगडावर समोरासमोर बसले होते, चहा केव्हाच संपलेला. फरजानी बिया फोडत होता आणि भांडत होता.

"मी सांगतो तुला, मघाशी जो आवाज आला तो आपलाच होता!"

"वारा होता तो."

"वारा 'गोल' म्हणतो होय? बहिऱ्या!" मग त्याला मी दिसलो. तो उठला नाही. दगडाला दोन्ही हातांनी धरून बसला. "बोल लवकर, मास्तर. नाहीतर असं कर, आधी याला सांग."

"दोन-एक," मी म्हणालो. "अम, कप आपला."

अम जिलानींनी बाहीने नाक पुसलं, खाली वाकून कबरीवर तळवा ठेवला आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "दोन घातले गं."

फरजानीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा गोल त्याने पाहिला नव्हता आणि आता जन्मभर पाहिला नसणार होता. तो खाकरला.

"तिला सांग," तो म्हणाला, "या खेपेला मीही बाहेर होतो."

"तू अर्धाच वेळ होतास," अम जिलानी म्हणाले.

"अरे, पण जिंकवणारा गोल कुठल्या अर्ध्यात आला?"

अम जिलानींनी थोडा विचार केला. "बरं," ते म्हणाले, "सांगतो तिला." आणि खरंच सांगायला पुन्हा खाली वाकले.