केरबाच्या गेटापुढचा चढ

मी रॅम्प बोलतोय. लातूरहून बार्शीकडे निघालात की मुरुडच्या अलीकडे एक निळं गेट लागतं. त्या गेटापासून डांबरी सडकेपर्यंत सिमेंटचा जो चढ आहे, तो मी. माणसं घराचं कौतुक करतात, सडकेला नावं ठेवतात. मधल्या माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं मात्र सगळ्यांकडे असतं. कोण कसं पाऊल टाकतं, कुणाची गाडी किती भरलेली आहे, कोण घाईत आहे, हे मला अंगावरच कळतं.

घर केरबा आणि धुरपताबाईंचं. केरबांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी सडकेच्या कडेला घर बांधलं. सडक उंच, घर खोलात आणि मध्ये नाली. सुरुवातीला नालीवर नुसती एक फळी टाकलेली होती. मुलगा सुगत तिच्यावरून मोटरसायकल काढायचा तेव्हा धुरपताबाई डोळे मिटून घ्यायच्या.

मला बांधायचं ठरलं, तसे शेजारचे शेषेराव बांधावर येऊन उभे राहिले. त्यांच्या रानाचं पाणी त्याच नालीनं जायचं. नाली बुजली तर सोयाबीन पाण्यात जाणार, म्हणून त्यांचा आवाज चढला होता. केरबांनी वाद घातला नाही. ते शेषेरावांना सोबत घेऊन लातूरला गेले आणि पाइप त्यांनाच निवडायला लावला. आला तो एवढा रुंद, की त्यातून शेळीचं करडू उभ्यानं पलीकडे जावं.

बांधकाम खात्याची परवानगी आली. पाइप बसला, वर मुरूम पडला, पाणी मारून ठोकला गेला आणि त्यावर काँक्रीट. चाक घसरू नये म्हणून केरबांनी माझ्या ओल्या अंगावर खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या. एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले होते. सडकेला लागायच्या आधी, गाडीभर लांबीचा तुकडा सपाट पाहिजे. गवंडी म्हणाला, कशाला जादाचं काम. केरबा सुगतकडे बघून म्हणाले, “चढावर गाडी धरून सडक दिसत न्हाई. आधी गाडी थांबली पाहिजे. मग माणसानं बघितलं पाहिजे.”

पुढची काही वर्षं माझ्या सुखाची. केरबा कोयता घेऊन माझ्या तोंडाशी वाढलेली वेडी बाभूळ तोडायचे, पावसाळ्याच्या आधी पाइपातला गाळ काढायचे. सुगत लातूरला डाळमिलमध्ये लागला. सकाळी त्याची मोटरसायकल चढ चढायची, सपाट तुकड्यावर थांबायची आणि मग निघून जायची.

उसाचा हंगाम होता. रात्री कुणाची तरी उसाची ट्रॉली मोडली आणि ती माझ्या तोंडाशीच सोडून ट्रॅक्टर निघून गेला. सकाळी दाट धुकं. सुगत आला, थांबला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला धुकं. त्यानं मान लांब केली, पाय टेकत पुढचं चाक जरासं सडकेवर घातलं. ट्रॉलीच्या आडून जीप आली.

गाव हळहळलं आणि गावच बोललंही. तरुण पोरगं, घाईत असणार. न बघताच निघालं असणार. केरबांनी ते ऐकलं. जन्मभर ज्यांच्या हातून एकही गाडी कुठं घासली नव्हती, त्यांचा मुलगा त्यांच्याच दारात गेला होता. ते माझ्यावर येऊन उभे राहायचे आणि पुटपुटायचे, “थांबला न्हाईस का रे बाबा?”

तो थांबला होता. त्याचं वजन माझ्या अंगावर होतं. पण मला सांगता येईना.

एका दुपारी केरबा लोखंडी सब्बल घेऊन मला फोडायला आले. पहिल्याच घावाला माझा कोपरा उडाला. दुसरा घाव उचलला तोच धुरपताबाईंनी सब्बल धरली. म्हणाल्या, “राहू द्या. त्याचं येणंजाणं ह्याच्यावरनंच होतं.”

गेटाला कुलूप लागलं. शेषेरावांनी आपला बांध फोडून मागच्या बाजूनं वाट करून दिली आणि केरबांना म्हणाले, “जोवर मी हाय, तोवर माझ्या रानातनं जा.” माझ्यावर गवत उगवलं, बाभळीनं तोंड झाकलं.

आणि मग ते सुरू झालं. सुगतच्या निघायच्या वेळेला कुलूपबंद गेटापासून एक वजन माझ्यावर यायचं. दोन चाकं, एक माणूस. मोटरसायकलची बारीक घरघर ऐकू यायची, पण गवताचं पातंही हलायचं नाही. ते चढ चढायचं, सपाट तुकड्यावर थांबायचं. पुढे जायचं नाही, मागे फिरायचं नाही. उन्हं तापली की केव्हातरी नसायचं.

ते काय होतं, मला ठाऊक नाही. पारावर कुणी कुजबुजलं की केरबा सांगायचे, आम्ही बौद्ध माणसं, असलं काही मानत नाही. पण त्याच वेळेला घरातल्या टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. अंगणात झाडणाऱ्या धुरपताबाईंचा खराटाही मध्येच थांबायचा. दोघं त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात शेषेराव वारले. लेकानं रान प्लॉटिंगला दिलं, तारेचं कंपाउंड पडलं, मागची वाट गेली; तारेखालून वाकून जाण्याएवढीच जागा उरली. सुगतची धाकटी बहीण प्रियदर्शनी तेव्हा मुरुडच्या दवाखान्यात नर्स झाली होती. तिनं स्कूटी घेतली आणि गेटाची किल्ली मागितली. केरबांनी नाही म्हटलं. मुरुडला खोली करून रहा, म्हणाले. ती कपड्यांची बॅग भरायला लागली.

सकाळची वेळ होती. धुरपताबाई बाहेर आल्या, गेटाच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. केरबा मागोमाग आले. तेवढ्यात ते वजन माझ्यावर चढलं.

“ऐकायलाव का?” धुरपताबाईंनी विचारलं.

केरबांनी शेजारचा गज धरला. मग म्हणाले, “हाव. रोज.”

“मग नीट ऐका की. वर जाऊन थांबतोय का न्हाई?”

केरबांनी मान खाली घातली.

“तुम्ही सांगितल्यावानी थांबतोय,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशीबी थांबलाच असंल. लोकांचं काय धरून बसलाव.”

केरबा गेटापाशीच खाली बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेटाचं कुलूप उघडलं आणि कोयता काढला. दोन्ही बाजूंची बाभूळ मुळापासून काढली, पाइप मोकळा केला, उडालेला कोपरा सिमेंटनं भरला. नव्या सिमेंटचा रंग जुळला नाही, अजूनही जुळत नाही. सडकेच्या पलीकडे खांब रोवून त्यावर फुगीर आरसा लावला, त्यात दोन्हीकडची सडक दिसते. मग ते स्वतः सडकेच्या कडेला हात आडवा धरून उभे राहिले. प्रियदर्शनी सपाट तुकड्यावर येऊन थांबली. केरबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुन्हा इकडे पाहिलं. मग हात खाली घेतला. “ये,” म्हणाले.

स्कूटी गेली. तिच्या मागे ते दुसरं वजनही माझ्यावरून उतरलं. सडकेवर गेलं. पहिल्यांदाच.

दिवसभर मी रिकामा होतो. संध्याकाळी प्रियदर्शनी परत आली, चढ उतरून आत गेली. केरबा गेट ओढायला लागले, तशा पायरीवरून धुरपताबाई म्हणाल्या, “थांबा जरा. त्यालाबी येऊ द्या.”

केरबा गजाला हात लावून थांबले. मीही थांबलो. सडकेवरून एक बस गेली, एक रिकामी ट्रॉली गेली. मग दोन चाकं, एक माणूस, हळूच माझ्यावर उतरले आणि गेटातून आत गेले. केरबांनी बाजूला होऊन वाट दिली. मग गेट लावलं.

त्यानंतर ते वजन आलेलं नाही. मी थकलोय, मधोमध भेग पडलीय. पुढेमागे सडक रुंद होईल, तेव्हा मला फोडतील. त्याचं काही नाही. तुम्ही ह्या वाटेनं याल तेव्हा एवढंच करा. कुणाच्या गेटाच्या तोंडाशी गाडी सोडून जाऊ नका. आत कुणीतरी निघायच्या तयारीत असतं.