एक मिलिमीटर

सोमवारपासून माझी जाडी बरोबर एक मिलिमीटर आहे. कमी होत होत ती तिथे येऊन थांबली, तेव्हा माझा थोरला भाऊ गणपतदादा खूश झाला. गॅरेजमधलं फट मोजायचं गेज हरवून वर्ष झालं होतं आणि नवं आणणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता तूच हायेस की."

अठरा वर्षं मी त्याच्या हाताखाली झिजलो. पाटीवर 'बंधू' असं लिहिलंय, पण गिऱ्हाइकं मेस्त्री म्हणतात ते त्यालाच. मला याचा राग येतो आणि तो राग आता माझ्यात मावत नाही. म्हणून आज चारच्या एसटीनं मी मिरजेला निघणार होतो, स्वतःचं गॅरेज टाकायला. घडी घालून कुणाच्या तरी खिशात बसलो असतो तर तिकीटही लागलं नसतं.

"एवढी खोत सरांची गाडी करून जा," दादा म्हणाला. "शेवटचंच."

इंजिनाचा वेग मोजणारा सेन्सर बदलायचा होता. त्याचं टोक दातेरी चाकापासून एक मिलिमीटरवर लागतं. जवळ गेलं तर दात ते तोडतात, लांब राहिलं तर इंजिन चालूच होत नाही. दादानं मला चाकापुढे सरकवलं, सेन्सर माझ्या छातीला टेकेपर्यंत दाबला आणि बोल्ट आवळला. माप अचूक आलं. माझं काम नेहमीच अचूक असतं, पण त्याच्या तोंडून ते कधी निघालं नाही.

"झालं. आता वढ मला भाईर," मी म्हणालो.

दादा फडक्याला हात पुसत राहिला. खोत सर वाकून बघत होते.

"मेस्त्री, आत कागद राहिलाय."

"ऱ्हाऊ द्या सर. त्यो काढायचा नसतोय. पहिल्या स्टार्टला आपोआप घासून जातोय."

हे त्याला मीच शिकवलं होतं. काही नव्या सेन्सरच्या टोकाला मापाचा कागद चिकटवलेला येतो. दादा तो फालतू समजून खरवडून टाकायचा. चार सेन्सर तुटल्यावर मी त्याला बसवून समजावलं. अठरा वर्षांत त्यानं माझी ऐकलेली ही एकच गोष्ट.

"त्यो कागद येगळा, दादा," मी आतून म्हणालो. "मी अनंता हाय."

"ठावं हाय," दादा म्हणाला.

खोत सर गाडीत बसले. दादानं बॉनेटवर थाप मारली, आणि माझ्या पाठीला पहिला दात लागला.