बबनरावांच्या गाडीचा हॉर्न

"तुमचा इस्वास बसनार नाई," मी म्हणालो, "पन इथं कारंज्यात हारन दाबला, का तिकडं तळेगावचे ट्रक रस्ता सोडत. असा हारन या हातानं दुरुस्त केला हाये."

"मांगच्या बाजाराले थो आर्वीपर्यंत ऐकू जात होता," गुलाब म्हणाला. "आज तळेगावलेच थांबला. वारं पडलं का, रूपरावजी?"

बाकावरची मंडळी हसली. गुलाब संत्र्याच्या ट्रकवर नवा ड्रायव्हर आहे. माझ्या गोष्टींना भोकं पाडल्याशिवाय त्याला चहा जात नाही. हायवेला लागून माझं बॅटरीचं दुकान, शेजारी रुख्माबाईचं हॉटेल, आणि दुकानाला कुलूप लागलं की त्या हॉटेलच्या बाकावर मी. मी थापा मारतो हे सगळ्या कारंज्याला ठाऊक आहे. त्यामुळे माझं खरं बोलणंही कोणी मनावर घेत नाही. याचा मला आजवर फायदाच झाला.

बाकाच्या टोकाला टिकाराम बसला होता. पूर्वी तो बागायतदार बबनरावांची काळी अँबॅसिडर चालवायचा. आता त्यांच्याच वाडीत संत्र्याच्या पेट्या ठोकतो. डोळे अधू झाले म्हणून गाडी सोडली, तेव्हापासून चष्मा लावतो. बोलतो कमी, काही विचारलं तर मान हलवतो, आणि चष्म्यामुळे ते शोभून दिसतं. लोक त्याला थोडं मास्तरासारखंच वागवतात. ही हॉर्नची गोष्ट चालू असली की तो हमखास हजर असतो. लोक हसले की हसतो, जरा मागाहून. आणि शेवटी मी थांबून त्याच्याकडे वळलो, की हवेत तळहात दाबून तोंडाने "पोंऽऽ" करतो. गोष्टीचा शेवट त्याचा, असं ठरूनच गेलं आहे.

"तं आणीबाणी उठली थ्या सालचा उन्हाळा," मी पुढे निघालो. "बबनरावाच्या पोरीचं लगन तोंडावर आलेलं. नवरदेवाले आनायले हेच गाडी जानार. अन् टिकाराम येते कपाळाले हात लावून. म्हने, रूपराव, हारन मेला. आधी आवाज बसला, मंग पार गेलाच. बबनराव म्हनते, मुकी गाडी दारात आनशीन तं किल्ली ठेवून घरी जाजो."

"बाई! मुकी गाडी!" रुख्माबाईने दूध ढवळता ढवळता पदर तोंडाला लावला.

"मी म्हटलं, दाब पाहू. थो बसला आत, अन् दाबून राह्यला, दाबून राह्यला. तिकडं याचा हात दुखून आला, इकडं या रुख्माबाईची शेळी दावं तोडून पसार!"

पुन्हा हशा. शेळी मी आजच गोष्टीत घातली होती. तेच ते सांगितलं तर लोक उठून जातात. काहीतरी नवं टाकावं लागतं.

"मंग बानट उघडलं. बॅटरी पाह्यली, फस्ट क्लास. टेस्ट लँप लावला, वायरीत करंट हाये. बटनाची पत्ती पॉलिश पेपरनं घासली. अर्थिंगची वायर पाह्यली. सारं बराबर, पन हारन काई तोंड उघडे ना. म्हटलं, आता पोट फाडल्याबिगर रोग समजनार नाई. खोलला, तं आत कुंभारमाशीनं घर बांधलेलं. काळ्या मातीचं. अन् साधंसुधं नाई, दुमजली! वरच्या मजल्यावर—"

"भाडेकरू!" गुलाब म्हणाला.

"बेडकी. आता थे तिथं कशी चढली मले नको इचारू, तिले इचार. घर खरवडलं, इस्क्रू आवळला, अन् असा वाजला लेकाचा, का बबनरावाच्या वाडीतला संत्र्याचा सारा आंबिया बहार गळून पडला!"

सगळे हसले. जरा मागाहून टिकाराम हसला. मी त्याच्याकडे वळणार, तेवढ्यात रुख्माबाई म्हणाली, "थांबा हो. थे शेळी खरंच पळाली होती. करडी. दिसभर हुडकत फिरली मी तिले." तिची पळी दुधात तशीच थांबली. "पन हारन तं बंद होता म्हनता नं? मंग शेळी कायले भेली?"

एवढ्या थापांमध्ये एकच गोष्ट खरी होती. तीच मी चवीला म्हणून टाकली होती.

त्या दिवशी मी बॉनेट उघडलंच नव्हतं. टिकाराम बटण दाबत होता, हॉर्न गाव उठवत होता, शेळी दावं तोडून गेली होती, आणि तो खिडकीतून मान काढून मला विचारत होता, "वाजते का जरासा तरी?" मला वाटलं, चेष्टा करतो आहे. मी हसत हसत दोन्ही हात कानांवर ठेवले. तेव्हा त्याला कळलं. त्याच्या तोंडाकडे बघून मग मला कळलं. तरुणपणी तो पुलगावला एका जिनात होता. सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या धडधडाटातून बाहेर पडताना त्याचे कान किती शिल्लक होते, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या खिशातून काढून घ्यावा तसा त्याने बटणावरचा हात काढून घेतला.

"आंधळा म्हन, रूपराव," तो म्हणाला, "पन बहिरा नको म्हनू. आंधळ्याले लोक हात धरून नेतेत. बहिऱ्याच्या नकला करतेत."

लग्नाच्या आधीच त्याने डोळ्यांचं कारण सांगून बबनरावांच्या ओट्यावर किल्ली ठेवली, आणि बाजारातून साध्या काचेचा चष्मा आणला. बबनरावांनी मला हॉर्नचं विचारलं तेव्हा तोंडाला आली ती कुंभारमाशी. मग तिचं घर मी दरवर्षी वाढवत नेलं. लोक हॉर्नला हसत राहिले तर टिकारामकडे कोणी बघणार नाही, असा माझा हिशोब.

"शेळीचं काय घेऊन बसली बाई," मी म्हणालो. "ऊन किती होतं थ्या दिवशी!"

"उन्हानं दावं तुटते?"

माझ्यासारख्या माणसाला यावर काहीतरी सुचायला हवं होतं. वाघ, विमान, काहीही. मी रिकामा कप तोंडाला लावला.

गुलाबने बशी खाली ठेवली. तो हसत होता. तोंडावर ते हसू तसंच असताना त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकाच्या टोकाकडे.

"म्हन्जे हारन वाजत होता," तो म्हणाला. सवयीने मोठ्यानेच म्हणाला. "खोटं बोलून राह्यले तुमी, रूपरावजी. हारन चांगलाच होता. यालेच ऐकू येत नव्हतं."

दूध उतू जाऊन भट्टीत चरचरलं. कोणी उठलं नाही.

मी थांबलो होतो आणि सगळे टिकारामकडे वळले होते. त्याला वाटलं, आपली पाळी आली. त्याने हसून तळहात वर उचलला. मग एकेकाच्या तोंडावरून त्याची नजर फिरत गेली, आणि हात तिथेच राहिला. आमची तोंडं नीट दिसावीत म्हणून दुसऱ्या हाताने त्याने चष्मा काढला.