उबाल्दोच्या अंगणातलं शिसं

"व्हिसेंता, पोरीला आत घे आधी! ओततोय मी!"

उबाल्दोची हाक आली तशी त्याच्या बायकोने नेरेइदाला काखोटीला मारलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ही त्या घराची रीतच होती. कढईतलं शिसं वितळलं की चार वर्षांची नात घरात आणि दाराला आतून कडी. दार नीट लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय उबाल्दो पळीला हात लावत नसे.

त्याने मेणबत्तीचा तुकडा कढईत टाकला. भक्कन जाळ झाला. वर तरंगून आलेला काळा मळ त्याने पळीने कडेला ओढून काढला, तेव्हा खालचं शिसं आरशासारखं लखलखलं. चारही साचे निखाऱ्यांजवळ तापत ठेवले होते. जाड लोखंडी पट्ट्यांना डाग देऊन त्याने ते स्वतः बनवून घेतले होते, प्रत्येक वीतभर लांबीचा. साच्यात थेंबभर ओल राहिली तर शिसं फटाक्यासारखं अंगावर उडतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याच्या डाव्या भुवईच्या जागी तेव्हापासून नुसती गुळगुळीत कातडी होती. म्हणून तर तो नातीला इतका जपायचा.

त्याने एकेक साचा भरला. शिसं क्षणभर चकाकायचं, मग दुधावर साय धरावी तसं मंद पडायचं. थोडं थांबून त्याने साचे उलटे करून ठोकले. चार लगडी वाळूत धप्पकन पडल्या.

"झालं गं! सोड आता तिला!"

दार उघडलं आणि नेरेइदा अनवाणी धावत येऊन अंगणातल्या मातीत बसकण मारून खेळायला लागली.

सव्वीस वर्षांपूर्वी होडीच्या दोराच्या रहाटात कंबर सापडली आणि उबाल्दोचं समुद्रावर जाणं संपलं. लंगडत चालणाऱ्या माणसाला पुएर्तो सेरेनोसारख्या कोळीगावात दुसरं काय काम मिळणार? जाळ्यांना शिशाच्या गोळ्या तर सगळ्यांनाच लागतात. बसवाल्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या, टायरच्या दुकानातली चाकाची वजनं, जुन्या केबलची आवरणं, जे मिळेल ते तो आणायचा. बॅटऱ्या कुऱ्हाडीने फोडायचा, आतलं आंबट पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतून द्यायचा, शिशाचे पत्रे वितळवून लगडी पाडायचा. लगडी खाटेखाली रचलेल्या असायच्या. मागणी आली की त्यातल्याच वितळवून भोकाच्या गोळ्या करायच्या. त्या किनाऱ्यावरचं एकही जाळं असं नव्हतं, जे उबाल्दोच्या शिशाशिवाय तळाला गेलं. याचा त्याला अभिमान होता, पण तो बोलून दाखवायचा नाही.

नेरेइदाचं पोट वारंवार दुखायला लागलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं जंत असतील. मग तिची आई, मारिउक्सी, एकदा म्हणाली, "आई, ही आधी जास्त बोलायची की गं." ते खरं होतं. दोन वर्षांची असताना पोर दिवसभर चिवचिवायची. आता हवं ते बोटाने दाखवायची. आरोग्य केंद्रातल्या हासिंता नर्सने तिचं रक्त घेऊन शहरात पाठवलं. तीन आठवड्यांनी कागद आला. मारिउक्सी मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामावर होती, म्हणून उबाल्दो आणि व्हिसेंताच पोरीला घेऊन गेले.

हासिंताने कागद वाचला आणि चष्मा काढला.

"उबाल्दोकाका, तुमच्या घराजवळ कुणी बॅटऱ्या फोडतं का? शिसं वगैरे वितळवतं?"

"मीच," उबाल्दो म्हणाला. "का हो? काय झालंय?"

"रक्तात शिसं आहे हिच्या. पाचच्या आत असायला हवं. बावन्न आहे."

"पण ताई, मी तिला जवळसुद्धा येऊ देत नाही! दार लावून घेतो. विचारा हिला."

"भाजायच्या भीतीने ना?"

"हो मग!"

हासिंताने कागद टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात तिने सगळं सांगितलं. धूर खाली बसतो. मातीत मिसळतो. तुमच्या कपड्यांना लागतो, पोरीच्या बोटांना लागतो, बोटं तोंडात जातात. मोठ्यांपेक्षा मुलांच्या अंगात जास्त मुरतं, डोक्यात जातं.

"औषध आहे," ती म्हणाली. "इस्पितळात देतात. पण आत्ता साठा संपलाय. मी नाव लिहून ठेवते. ते काम मात्र आजपासून बंद. तुमचंही रक्त बघायला हवं, काका."

"माझं काय करायचंय बघून!" उबाल्दो उठला. बाहेर येऊन तो नेरेइदाला उचलायला वाकला आणि स्वतःच्या शर्टाकडे बघून तसाच ताठ झाला. "तूच घे तिला," तो बायकोला म्हणाला.

संध्याकाळी मारिउक्सी आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हिरवी केळी सोलायला बसली. दोन केळी सोलून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, "पप्पा, मीपण ह्याच अंगणात वाढले ना?"

"हो."

"मला पाढे कधी आले नाहीत. मास्तर मारायचे. तुम्ही मला ठोंब म्हणायचात. सगळ्यांसमोर म्हणायचात."

उबाल्दोला वाटलं, ती रडेल किंवा सुरी फेकेल. तिने तसं काहीच केलं नाही. पुढचं केळं घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चारही साचे, कढई, पळी आणि खाटेखालच्या लगडी एका शेजाऱ्याच्या होडीत घातल्या आणि खोल पाण्यात नेऊन सोडल्या. मग फावडं घेतलं. दुखऱ्या कमरेने बारा दिवस तो अंगण खरवडत होता. वीतभर माती काढली, पोत्यांत भरली. पोती कुठे टाकायची, हे कुणालाच सांगता येईना. हासिंताने वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर विचारलं. शेवटी पोती कुंपणाशी प्लास्टिकखाली पडून राहिली. व्हिसेंताने घरातली एकेक फळी ओल्या फडक्याने पुसली. फळ्यांच्या फटींतून करडी धूळ निघतच राहिली.

"मीच जातो घर सोडून," उबाल्दो एकदा हासिंताला म्हणाला. "होडीच्या शेडमध्ये झोपेन."

"तुम्ही गेल्यानं काय होणार, काका? तुम्ही जाल, माती इथंच राहील."

"मग आम्ही सगळेच जातो."

"कुठं?"

ती जागा, ते फळ्यांचं घर, एवढंच त्यांचं जगात होतं.

त्याच आठवड्यात शेजारचा कोलोन आला. दोघं एकाच होडीवर वाढलेले.

"काय रे, साचे बुडवलेस म्हणे? वेड लागलं का तुला?"

"नात आजारी आहे माझी, कोलोन. शिशानं."

"अरे, आपण सगळे इतकी वर्षं तुझाच धूर खातोय. मी बघ, कसा घोडा आहे!"

"तू घोडा नाहीस, गाढव आहेस. ऐक माझं. नर्सला विचार हवं तर."

"विचारून काय करू? जाळी तरंगत सोडू?" कोलोनचा आवाज उतरला. "मासळीचा मोसम चाललाय, उबाल्दो. बाजारातल्या गोळ्या परवडत नाहीत कुणाला. माझ्यावर सहा तोंडं आहेत."

चार दिवसांनी दोन घरं सोडून कोलोनच्या अंगणातून धूर निघाला. ओल्या वाळूत खळगे करून तो त्यात शिसं ओतत होता. उबाल्दो लंगडत धावला.

"ओल आहे त्या वाळूत! उडेल तोंडावर!"

"मग शिकव की नीट कसं करायचं ते," कोलोन म्हणाला.

उबाल्दो उभा राहिला. शिकवावं तर पाप, न शिकवावं तर ह्याचे डोळे जातील. "वाळू आधी भाज, कोरडी कर," तो अखेर म्हणाला. "आणि तोंडाला फडकं बांध. आणि पोरांना..." कोलोनची पोरं कुंपणावर बसून बघत होती. वारा समुद्राकडून होता. धूर सरळ उबाल्दोच्या घराकडे चालला होता.

दोन महिन्यांनी नेरेइदाचं रक्त पुन्हा गेलं. त्रेचाळीस आलं. व्हिसेंताने छातीवर क्रूस केला. औषधही आलं होतं, म्हणून सगळे नटूनथटून शहरातल्या इस्पितळात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने कागद पाहिला.

"हे औषध पंचेचाळीसच्या वर असेल तरच देतात. खाली आलंय हे चांगलंच की. आता मुलीला त्या जागेपासून लांब ठेवा."

"बावन्न होतं तेव्हा तुमच्याकडे औषध नव्हतं," मारिउक्सी म्हणाली.

"हो, ते खरंय," डॉक्टर म्हणाला. त्याचा चेहराही पडला होता. त्याच्यावर चिडावं असंही त्यात काही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मारिउक्सीने ठरवून टाकलं. व्हिसेंताची बहीण किनाऱ्यापासून लांब, सांतो दोमिंगो शहरात असते, तिची खाणावळ आहे. तिथे काम करीन, पोरीला तिथेच वाढवीन. रविवारी दोघी गेल्या. पोरीची एकही वस्तू बरोबर दिली नाही, खेळण्यातली बाहुलीसुद्धा नाही. हासिंताने तसं सांगितलं होतं.

चार महिन्यांनी मारिउक्सीचा फोन आला. व्हिसेंताने तो कानाला लावला आणि ओरडली, "एकोणतीस! एकोणतीस आलंय!" ती हसत होती, रडत होती. उबाल्दोने फोन घेतला.

"बोलते का ती?"

"बोलते पप्पा. थांबा, देते."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग नेरेइदा म्हणाली, "इथं रोज पाऊस पडतो आणि मावशीआजीकडं एक कोंबडी आहे, ती माझ्या मागं मागं येते."

एवढं मोठं वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. फोन परत मारिउक्सीकडे गेला. ती म्हणाली, "नाताळला घेऊन येऊ का हिला? दोन दिवसच."

व्हिसेंता त्याच्याकडे बघत होती. तिच्या ओठांवर हो आलेलं त्याला दिसलं.

"नको," उबाल्दो म्हणाला. "इकडं नको आणूस. आम्ही येतो. मावशीच्या घरीही नाही येत, वाटेत भेटू. एल कार्मेनच्या बसथांब्यावर."

त्याने नवा शर्ट, नवी पँट, चपला घेतल्या. व्हिसेंतासाठी फुलाफुलांचा झगा घेतला. त्यातलं काहीच त्याने घरात येऊ दिलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सगळं गावाबाहेर, हमरस्त्याजवळ राहणाऱ्या हासिंताच्या घरी ठेवलं. भेटीच्या दिवशी दोघं पहाटे तिच्याकडे गेली. तिथे दोघांनी डोक्यावरून आंघोळ केली. उबाल्दोने नखं मुळापर्यंत कापली, ब्रशने घासली. जुने कपडे दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधून बरोबर घेतले, नवे घातले, आणि मागे न फिरता दोघं बसमध्ये चढली.

एल कार्मेनला दोघी आधीच आल्या होत्या. नेरेइदा उंच झाली होती. आजीला बघून ती धावली, मांडीवर चढली. उबाल्दो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"घ्या ना पप्पा तिला," मारिउक्सी म्हणाली. "एवढे धुऊन आलात."

"असू दे. बसलीये ना छान."

नेरेइदा बोलत होती. कोंबडी, पाऊस, मावशीआजीचं सूप, शाळेतली एक लाल छत्री. काही शब्द अडत होते. अडले की ती थांबायची, भुवया आक्रसायची आणि पुन्हा तोच शब्द धरायची. कधी तो सापडायचा, कधी नाही. सापडला नाही की उबाल्दोची बोटं मांडीखाली वळायची. मारिउक्सीने सांगितलं होतं, जे गेलंय त्यातलं किती परत येईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही.

मग नेरेइदा बाकावरून सरकत त्याच्याजवळ आली. "आबा, तुझा शर्ट कडक आहे," ती म्हणाली आणि शर्टाच्या घडीवर बोट फिरवत राहिली. तो हलला नाही.

दोन तासांनी सांतो दोमिंगोची बस लागली. मारिउक्सीने आईला मिठी मारली. मग वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"तू ठोंब नव्हतीस," उबाल्दो म्हणाला. एवढ्यासाठी त्याने किती महिने शब्द जुळवले होते, आणि ते असे भर गर्दीत, कंडक्टरच्या आरोळ्यांत बाहेर पडले.

"माहितीये पप्पा," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन बसमध्ये चढली.

बस वळणाआड गेल्यावर व्हिसेंता डोळे पुसत बाकावर बसली. उबाल्दो थांब्याच्या स्वच्छतागृहात गेला. त्याने नवा शर्ट काढला, बाही बाहीवर, कॉलर वर, अशी बेताने घडी घातली आणि पुढच्या भेटीसाठी पिशवीत ठेवून तिचं तोंड घट्ट बांधलं. मग दुसऱ्या पिशवीतला जुना शर्ट काढून अंगात चढवला.