माझे एकच खरे दुखणे

मित्रांनो, मी बोटीच्या मागे लावायचे एक इंजिन आहे, आणि आजवर एकदाही बोटीला लागलेलो नाही. हसू नका. व्होल्टा तलाव मला खिडकीतून दिसतो. वारा इकडचा असला की दुसऱ्या इंजिनांचे आवाजही ऐकू येतात. मी मात्र शेडमध्ये लोखंडी घोडीवर टांगलेला असे आणि माझा पंखा पाण्याच्या पिंपात बुडालेला असे. तेवढाच माझा तलाव.

मला सरकारने आणले. तेव्हा आमच्या काठावर दोनशेच्या वर बोटी होत्या आणि इंजिन दुरुस्त करणारे मोजून सहाजण. बंद पडलेल्या बोटी आठवडेच्या आठवडे वाळूत पडून राहत आणि बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन ताटकळत. काम शिकायचे तर उस्तादाला फी द्या, दारूच्या बाटल्या द्या, हत्यारे स्वतःची आणा. गरिबाच्या पोरांनी हे कुठून आणायचे? म्हणून योजना निघाली. फी सरकार भरणार, दुपारचे जेवण सरकार देणार, आणि शिकायला एक नवे कोरे इंजिनही देणार. ते नवे कोरे म्हणजे मी. माझ्या अंगावर पांढरा क्रमांक रंगवला, भाषणे झाली, टाळ्या पडल्या. आता मला बोटीला लावतील, या आनंदात मी होतो.

त्यांनी मला खोलले.

"पोरांनो, हे चालवायला आणलेलं नाही, बिघडवायला आणलंय," गामेली मास्तर म्हणाले. तलावावरच्या त्या सहा जणांतले ते सगळ्यात जाणते. रोज सकाळी ते सगळ्यांच्या आधी येत आणि माझ्यात एक बिघाड घालून ठेवत. कधी ठिणगी पडते तिथे कागदाचा कपटा, कधी पेट्रोलमध्ये पाणी, कधी एखादी तार सैल. मग पोरांनी तो शोधायचा. "आधी इंजिन काय म्हणतंय ते ऐका, तुमची अक्कल मागाहून पाजळा!" हे त्यांचे पालुपद.

अशी अकरा वर्षे गेली. जगातली सगळी दुखणी मला झाली, पण एकही माझे नव्हते. पोरे शिकली आणि गेली. कोणी मोठ्या फेरीबोटीवर गेले, कोणी परदेशी गेले. एकही परत फिरकले नाही. त्यांच्यापुढे खरी, चालणारी इंजिने होती. माझी आठवण कशाला येईल? संध्याकाळी शेडला कुलूप लागले की मला फार एकटे वाटे.

आणि मग मी खरोखरच आजारी पडलो. हजारो वेळा बोल्ट सोडून आवळून माझ्या हेडला, म्हणजे वरच्या जाड झाकणाला, एका बोल्टच्या भोकापाशी केसासारखी चीर गेली. मला थंड ठेवायला जे पाणी अंगातून फिरते, ते त्या चिरेतून आत झिरपू लागले. मी खोकायचो आणि बंद पडायचो. पोरे म्हणत, "मास्तरांची नवी खोडी!" ठिणगीचा प्लग पुसत आणि सुरू करायचा दोर पुन्हा ओढत. मास्तर म्हणत, "गाढवांनो, पाणी कुणी सांडलं?" पोरांना वाटे मास्तरांनी केले, मास्तरांना वाटे पोरांनी. माझेच काही दुखत असेल, असे कुणाच्या मनातही आले नाही.

शेवटच्या तुकडीत अक्पेने नावाची मुलगी होती. आईबरोबर भट्टीवर मासे धुरवून तिचे डोळे कायम लाल असत. दुपारी सगळे झाडाखाली बांकू, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, खायला बसत. ही आपली थाळी घेऊन माझ्यापाशी बसे. योजनेची मुदत संपत आली होती, त्यामुळे तिच्या तुकडीची परीक्षा शेवटचीच होती. पास झाली तर धक्क्यावरच्या कारखान्यात तिची नोकरी ठरलेली होती. नापास झाली तर भट्टी होतीच.

परीक्षेला राजधानीहून ओफोसू साहेब आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून माझ्यात एक बिघाड घातला. अक्पेनेने तो कागदाचा कपटा दहा मिनिटांत शोधून काढला. तिने दोर ओढला. मी सुरू झालो, खोकलो आणि बंद पडलो.

"साहेब, अजून एक बिघाड आहे."

"मी एकच घातलाय. माझं मला ठाऊक नाही होय?" साहेबांनी घड्याळ पाहिले. "सहा मिनिटं उरलीत. सुरू कर. अर्धं मिनिट चाललं तरी सही करतो."

"अगं बाई, वाद कसला घालतेस!" मास्तर दारातून ओरडले. "प्लग पूस आणि ओढ दोर!"

प्लग पुसला असता तर मी अर्धे मिनिट नक्की चाललो असतो. तिलाही ते माहीत होते. तिने प्लग काढला, तळहातावर झटकला, पडलेले पाणी नाकाशी नेले. मग तिने पेट्रोलची टाकी तपासली. तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

"हे तुम्ही घातलेलं नाही साहेब, मास्तरांनीपण नाही," ती म्हणाली. "याचं याला काहीतरी होतंय."

मित्रांनो, तिने उघडले तर माझे काय होणार, हे मला कळत होते. तरी मनात म्हटले, उघड, पोरी, उघड. अकरा वर्षांत माझी विचारपूस पहिल्यांदाच होत होती.

तिने पाना हेडला लावला. चौथ्या बोल्टाला वेळ संपली. साहेब तिला न थांबवता जवळ सरकले. हेड निघाले तसे त्यांनी चष्मा लावला आणि चिरेवरून नख फिरवले. मग त्यांनी तिच्या कागदावर सही केली आणि दुसरा कागद काढून माझ्याबद्दल लिहिले: दुरुस्तीशिवाय वापरू नये.

काम शिकून पुरे झाले की करायच्या रिवाजाप्रमाणे मास्तरांनी अक्पेनेच्या डोक्यावर पावडरचा डबा उपडा केला. ती पांढरीफटक झाली, हसली आणि रडलीसुद्धा. जाताना माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "माफ कर हं." त्यानंतर ती आलेली नाही. तिला दिवसभर काम असते, हे मी ऐकून आहे.

एक नवे हेड आणले असते तर मी पुन्हा शिकवले असते. पण योजना संपली होती, मग ते मागवणार कोण? मास्तर घरी बसले आणि दाराला कुलूप लागले. बोटी पुन्हा वाळूत दिसू लागल्या आहेत.

काल एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. कुलूप हलवून पाहिले. "इथंच शिकवतात म्हणे," ती म्हणाली. मुलगी खिडकीला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. थोडा वेळ थांबून दोघी निघून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, योजना काढाल, भाषणे कराल. तेव्हा यंत्र देऊन विसरू नका. त्याचे काय दुखते तेही विचारा. मला दुरुस्त केले नाहीत तरी चालेल, कोपऱ्यात ढकला, दुसरे इंजिन आणा. पण हे दार उघडा. ती मुलगी पुन्हा आली तर तिला परत जायला लावू नका.